राणी त्याच्याकडेच राहिली

९ जानेवारी

खोका आला. ओ. स्वतः आला नाही, टेम्पोवाल्याबरोबर पाठवला. (ओंकार असं पूर्ण लिहायला हात होत नाही. ओ. पुरे.) दोन पैठण्या, मिक्सरचं भांडं, डोळे तपासायच्या कोर्सची माझी पुस्तकं, एक शाल. सगळं घड्या घालून नीट. घड्या तो छान घालतो, पहिल्यापासून.

गेमचा कन्सोल नव्हता.

फोन केला. "अगं, तो माझ्या नावावर आहे ना. अकाउंटही माझंच." म्हटलं, मशीन ठेव तुझं, आतले मॉन्स्टर दे. राणी, तात्या, अख्खी टीम मी वाढवलीय. हसला नाही, एवढं बरं. म्हणाला, "शलाका, खेळातल्या मॉन्स्टरांची वाटणी कशी करतात?"

मला कुठे माहितीय. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा मी दागिने सांगितले, भांडी सांगितली. राणीचं नाव घेतलं असतं तर त्यांनी पेन खाली ठेवलं असतं.

आई शिलाई मशीनवर कोणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. काळाचौकीच्या या खोलीत फोन चोरून करता येत नाही. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "राणी कोण गो?"

११ जानेवारी

आईला सांगितलं नाही. इथे लिहिते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एका रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो होतो. गेममध्ये मॉन्स्टरांची अंडी उबवावी लागतात, खेळत राहायचं, कधीतरी फुटतात. हत्तीच्या आवारासमोर बाकावर बसलो होतो, मशीन माझ्या मांडीवर, आणि अंडं फुटलं. आतून एक ठेंगणी, जाड कातडीची, कपाळावर शिंगाचा कोंब. हळू. इतकी हळू की ओ. म्हणाला, सोडून दे हिला. पण मारा असा की समोरचा एका वारात आडवा. बागेत जन्मली म्हणून राणी.

हळू असण्याचा तोटा हा, की वेगवान तो आधी वार करतो. म्हणून तिच्या जोडीला मी तात्या घेतला, एक म्हातारं घुबड. तात्या पंख झाडतो आणि थोडा वेळ सगळा क्रम उलटतो: हळू तो आधी, वेगवान मागून. आम्ही त्याला उलटा डाव म्हणायचो. तात्यानं डाव उलटवायचा, राणीनं झोडपायचं. ही जोडी माझ्या डोक्यातली.

टीम मी बांधायची, खेळायचा तो. चार वर्षं तसंच चाललं. कप त्याच्या नावाचे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं, खरंच नव्हतं. एकदा मीही टेबलावर बसले होते, एका छोट्या स्पर्धेत. हात इतके थरथरले की बोट भलत्याच बटणावर. हरले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. ओ. बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभा. "तू बांध, मी खेळतो," म्हणाला. किती मायेनं म्हणाला होता.

१८ जानेवारी

लॅमिंग्टन रोडवरून जुना कन्सोल आणला. काचेवर ओरखडा आहे, चालतो. उघडला तर पाटी कोरी. एकही मॉन्स्टर नाही, कसली जमवाजमव नाही. नवीन खेळाडूला विचारतात तसं त्यानं मला नाव विचारलं.

आईनं चष्मा चढवून बघितलं. "ह्या काय ता?"

सांगितलं. दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे सहा. समोरच्याचे सहा बघायचे, मग आपल्यातले चार निवडायचे, मैदानात एका वेळी दोनच. कोणी कोणाला मारायचं ते दोघांनी गुपचूप ठरवायचं, आणि मग ते एकदम उघड होतं.

"म्हणजे कोंब्यांची झुंज."

"तशीच."

"आणि मेल्यार?"

"मरत नाहीत गं. दमून पडतात. नंतर उठतात."

"मगे बरां," म्हणाली आणि सुई ओवायला माझ्या हातात दिली.

संध्याकाळी पहिलं अंडं फुटलं. निळं, लांबुडकं, नुसते दात. आई वाकून म्हणाली, "ही तर मोरी." आमच्याकडे छोट्या शार्कला मोरी म्हणतात, आई त्याचं कालवण करते. नाव तेच राहिलं. राणीच्या अगदी उलट: चपळ, आणि एका फटक्यात कोसळणारी.

२ फेब्रुवारी

दादरला गेले. रविवारी सकाळी एका कॅफेच्या माळ्यावर सगळे खेळणारे जमतात. ओ.बरोबर कितीदा तरी गेलेय. आज जिन्याच्या मध्यावर वाटलं, फिरावं मागे.

वर फेलिक्स होता. हे सगळं तोच जमवतो. भायखळ्याचा, लग्नाच्या हॉलमध्ये साउंड लावायचं काम करतो. मला बघून खूश झाला आणि माझ्या मागे जिन्याकडे बघायला लागला.

"ओंकार गाडी लावतोय काय?"

"नाही. आम्ही वेगळे झालो."

"अरे यार." मग जिन्यावरची नजर काढून, "चाय घेणार?"

बाकीचे छान बोलले. जरा जास्तच छान. टीम काय भारी बांधतेस तू, असं दोघातिघांनी सांगितलं. पण समोर बस म्हणून कोणी म्हणेना. त्यांचं तरी काय चुकलं. मी खुर्चीच्या मागे उभी राहणारी बाई. ओंकारची बायको. समोर बसल्यावर कशी दिसते हे कोणाला ठाऊकच नाही.

शेवटी फेलिक्सनं पायानं खुर्ची ढकलली. "बस. मी खेळतो."

हात थरथरलेच. प्रत्येक खेपेला मिनिटाच्या आत ठरवायचं असतं. मी शेवटपर्यंत ठरवत राहिले, घड्याळ संपलं, मशीननं स्वतःच काहीतरी निवडलं. असं पुन्हा पुन्हा. हरले. परत हरले.

फेलिक्स म्हणाला, "तू डोकं लावते, पण बटण नाय दाबत. मशीन दाबणार त्यापेक्षा तू दाब ना. चुकलं तर चुकलं."

दादरहून काळाचौकीपर्यंत चालत आले. पूर्वी हरलो की आम्ही दोघं कुठेतरी उभं राहून खात खात उकलत बसायचो, कुठे चुकलं, कोणाला बदलायचं. हरण्यातला तेवढाच भाग बरा होता. तो एकटीनं करता येत नाही.

११ फेब्रुवारी

कामावर, चष्म्याच्या दुकानात गर्दी. गिरगावात लग्नसराई म्हणजे चष्म्यांचीही सराई, सगळ्यांना फोटोसाठी बिनफ्रेमचा चष्मा हवा. दिवसभर तेच वाक्य: हे बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं? एक आजोबा प्रत्येक काचेला म्हणत, "दोन्ही सारखंच." शेवटी मी हसले, तेही हसले.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून टीमचं काम. मोरी तयार झाली. तिच्याबरोबर पणती, छोटा अग्निपक्षी. हिला स्वतःला फार काही मारता येत नाही, पण ती समोरच्याला चिडवते, मग सगळे वार तिच्यावर येतात आणि जोडीदार मोकळा. पणती सोसते, मोरी मारते. दगडू नावाचं दगडी कासव आहे ठाण मांडून बसायला. बाकीचे तीन अजून धड नाहीत.

टीम बांधताना हात थरथरत नाहीत. तेवढ्या वेळात कुणाची आठवणही येत नाही. झाकण लावून डबा पिशवीत ठेवला की येते.

२३ फेब्रुवारी

फेलिक्सनं सांगितलं, मार्चअखेर परळला मोठी स्पर्धा आहे. बाहेरगावचेही येणार. मग चहात बघत म्हणाला, "ओंकारनं नाव दिलंय."

"कुठली टीम?"

"शलाका, तो पण माझा दोस्त, तू पण. मला मधे नको घेऊ."

बरोबर बोलला. तरी राग आला. दोघांच्या मधे कोणी यायला तयार नाही, म्हणजे माझ्या बाजूलाही कोणी नाही.

नाव दिलं. खेळाडूचं नाव विचारतात तिथे आडनावापाशी अडले. माहेरचं लिहू की अजून कागदोपत्री आहे ते? 'शलाका, काळाचौकी' असं टाकलं. चाललं त्यांना.

टीम कुठली ते विचारायलाच नको होतं. राणी आणि तात्या. त्याच्याकडे दुसरं आहे काय.

४ मार्च

आई शिमग्याला गावी गेली. मलाही चल म्हणत होती. गावच्या प्रश्नांना तोंड द्यायची हिंमत नाही. गॅलरीतल्या पाटकरीणबाईंनी निघता निघता विचारलंच, "शलाका अजून किती दिवस राहणार?" आई पिशवी खाली ठेवून म्हणाली, "माझा चेडू माझ्या घराक इला हा. तुका कित्याक चौकशी?" आणि पिशवी उचलून जिना उतरली.

अर्धी चाळ गावी गेलीय. गॅलरीत ओळीनं कुलपं.

७ मार्च

सुट्टी. सकाळपासून कोणाशी बोलले नाही. ऑनलाइन अनोळखी लोकांशी सामने खेळत बसले. जिंकले, हरले, हिशेब ठेवला नाही. एकानं संपल्यावर लिहिलं, गुड गेम. मीही लिहिलं, गुड गेम. तो गेला.

दुपारी भात केला, एका माणसाचा अंदाज येत नाही अजून. उरला.

८ मार्च

कालचाच भात, फोडणीचा.

सप्टेंबरची ती संध्याकाळ आठवत बसले. प्रभादेवीच्या घरी, जेवताना. भांडण नव्हतं, काही नव्हतं. ओ. घास हातात धरून म्हणाला, "आपण गेम सोडून दुसऱ्या कशाबद्दल शेवटचं कधी बोललो?" मी आठवायला लागले. खरंच मनापासून आठवत होते. तो वाट बघत राहिला. मला काही सापडलं नाही आणि तो पानावरून उठला.

एखादं तरी सापडायला हवं होतं. त्याच्या आईच्या ऑपरेशनबद्दल बोललो होतो की आम्ही. हे आत्ता आठवतंय.

१६ मार्च

आई परतली. कुळथाची पिठी, कोकमं, आणि न विचारता सगळ्या गावाची खबर. खोली एकदम भरली.

दादरला फेलिक्सशी सामना. पणती पुढे, तिनं मार खाल्ला, मोरीनं दोघं पाडले. जिंकले!  थरथरणाऱ्या बोटानंच दाबलं. फेलिक्सनं टेबलावर थाप मारली, "हां! अशी!" शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मग एका मुलानं विचारलं, "ताई, एक माझ्याशी?"

खुर्चीवरून उठले तेव्हा दुपार झाली होती.

२५ मार्च

टीम पक्की. एकच बोचतंय. राणीसमोर काय करायचं?

खरं तर मला तिची सगळी अंडीपिल्ली माहीत. कुठल्या वारानं किती लागतं, कुठे कमी पडते. तात्यानं पंख झाडायच्या आधी त्याला पाडायचं, म्हणजे डाव उलटतच नाही आणि राणी बिचारी हळूच राहते. हे मीच ओ.ला शिकवलं होतं, अशी जोडी समोर आली तर काय करायचं म्हणून. आधी तात्या. कायम आधी तात्या. तो ऐकायचा नाही, मोठा दिसला की मोठ्यावर धावून जायचा. किती ओरडलेय त्यावरून.

मग अडचण काय? अडचण ही की मी तात्यावर जाणार हे त्याला माहीत आहे.

३१ मार्च

काल लिहिण्याचं त्राण नव्हतं. आज दुकान उघडायच्या आत, मागच्या खोलीत बसून लिहितेय.

परळचा हॉल. लांब टेबलं, समोरासमोर खुर्च्या, गळ्यात पट्टे घातलेली पोरं. माझ्या वयाची बाई एखाददुसरीच. पहिल्या सामन्यात नाशिकचा एक मुलगा, घाईत होता, हरवलं. दुसऱ्यात हरले. नंतर जिंकत गेले. दर सामन्याच्या आधी तळवे रुमालाला पुसत होते. समोरच्या एकानं विचारलं, बरं वाटत नाहीये का?

जेवणानंतर भिंतीवर जोड्या लागल्या. माझ्या नावासमोर ओ.चं नाव. फेलिक्स माइकवर होता. त्यानं दोन्ही नावं वाचली आणि मान वर करून बघितलं.

ओ. आधीच बसला होता. बारीक झालाय. निळा शर्ट, मी घेतलेला नव्हे.

"तू खेळतेयस?" म्हणाला.

"हो."

"म्हणजे... छान."

एवढंच. तीन डावांपैकी दोन जिंकायचे. पहिला त्याचा. तात्यानं पंख झाडले, राणीनं माझे एकामागून एक आडवे केले. पडद्यावर तिला बघितलं आणि बोटंच चालेनात. शिंगाला बांधलेली लाल फीत अजून तशीच होती. मी बांधलेली.

दुसरा माझा. तात्यावर दोन्ही वार, डाव उलटलाच नाही. माझ्याच नियमानं.

पण दुसऱ्या डावातच काहीतरी लक्षात यायला लागलं. ओ. घाई करत नव्हता. शंका आली की ढाल धरत होता. ढाल म्हणजे त्या खेपेपुरता त्या मॉन्स्टरला वार लागत नाही, पण लागोपाठ धरता येत नाही. ढालीचं मी सांगून सांगून थकले होते, तेव्हा तो ऐकायचा नाही. आता प्रत्येक ठिकाणी तेच करत होता, जे त्याच्या मागे उभी राहून मी सांगितलं असतं. मी नसताना माझं सगळं ऐकत होता.

तिसरा डाव. शेवटी त्याच्याकडे राणी आणि तात्या, माझ्याकडे मोरी आणि पणती. चौघंही थकलेले. तात्यानं आता पंख झाडले तर पुढच्या खेपेला राणी आधी, आणि माझं संपलं. म्हणजे तात्यावर जायला हवं. आधी तात्या. पण समोर जो बसलाय तो आता माझ्यासारखा विचार करतोय. तो म्हणत असणार, शलाका तात्यावरच येणार, तात्यावर ढाल धरू या.

आणि राणीवर धरली तर? तर माझी राणीवरची धाव फुकट आणि सगळं गेलं. घड्याळ पळत होतं. कागद असता तर दोन्ही शक्यता मांडल्या असत्या. दुपार गेली असती त्यात.

मोठा दिसतोय, मोठ्यावर जा. दाबलं. मोरीही राणीवर, पणतीही राणीवर.

तात्यावर ढाल होती.

राणी पडली. पडताना ती मान आधी टेकते, मग अंग. हे मला माहीत होतं, तिला मी कितीदा पडताना बघितलंय, पण तेव्हा आम्ही दोघं एका बाजूला असायचो. एकटा तात्या उरला. मग काही उरलं नाही.

हात मिळवायची पद्धत आहे. मिळवला. त्याचा हात गार, माझा ओला.

"राणीवर का?" त्यानं विचारलं.

"तू तिथेच मारायचास म्हणून."

तो हसला, खरंखुरं. मग हसू गेलं आणि तो कन्सोल पिशवीत ठेवायला लागला. वायर नीट गुंडाळून.

पुढच्या सामन्यात एका कॉलेजच्या मुलीनं मला चुटकीसरशी हरवलं. काय झालं तेही कळलं नाही, माझं लक्ष नव्हतं. हॉलभर नजर फिरवली. ओ. गेला होता.

घरी आले तर आई बांगडे तळत होती.

"जिंकलंस?"

"शेवटी हरले. पण ओंकारला हरवलं."

"घोवाक हरवलंस?"

"हो."

तिनं बांगडा उलटला. मला वाटलं आता म्हणेल, बरा झाला, जिरली. तिनं दुसराही उलटला. मग ताट वाढता वाढता, "तेका वायट वाटला असतला."

मला रडू आलं, मग जेवले.

५ एप्रिल

रिकामं रिकामं. इतके दिवस एका रविवारकडे तोंड करून चालत होते, आता रविवार मागे गेला. दुकान, घर, दुकान. फेलिक्सचा मेसेज आला, सगळे तुझंच बोलतायत. आनंद झाला, पाचेक मिनिटं.

कोर्टाची तारीख आलीय. या महिन्यातच. वकीलबाई म्हणाल्या, शेवटचीच समजा, आत जाऊन हो म्हणायचं आणि सही.

१० एप्रिल

नव्या मोसमाचे नियम आले. दर वेळी काही मॉन्स्टर बाद करतात, यंदा झाडूनच काढलेत. राणी बाद. तात्या बाद. माझ्याकडचे मोरी आणि पणती तेवढे राहिले, दगडूही गेला. सगळ्यांना नव्यानं बांधावं लागणार.

वाचल्या वाचल्या फोन हातात घेतला, सवयीनं. मग ठेवला.

१२ एप्रिल

मोरी, पणती. झोपेची पूड उडवणारी जास्वंद. ढब्बू नावाचा एक ढग, गडगडणारा. भिंत म्हणून गेंड्यासारखा एक, नाव अजून नाही. पाच झाले.

१७ एप्रिल

कोर्टात लवकर पोचले. बाकावर ओ. आधीच बसला होता, मांडीवर फाइल. दुसरं बाक रिकामं नव्हतं. एक माणूस मावेल एवढी जागा मधे ठेवून बसले.

"आई कशी आहे?"

"बरी. शिमग्याला जाऊन आली. तुझी?"

"डोळ्यांचं सांगते काहीतरी. तुला विचार म्हणत होती." मग घाईनं, "विचारू का नको कळेना."

"पाठव दुकानात. मी तपासते."

वकील आत-बाहेर करत होते. समोरच्या बाकावर एक जोडपं, दोघं दोन फोनमध्ये. ओ.नं फाइलीच्या कोपऱ्याला नखानं टोकरलं.

"नवे नियम बघितलेस?"

"बघितले."

"राणी बाद."

"हं. तात्यापण."

"मला काही सुचतच नाहीये गं. सहा जमवतो, चांगले चांगले घेतो, पण ते एकमेकांना धरूनच राहत नाहीत. जो तो आपला आपला."

"सहा कशाला जमवतोस एकदम? आधी दोन घे. जोडी. मग त्या जोडीला काय सोसत नाही ते बघ, तिसरा त्याच्यासाठी."

त्यानं मान हलवली. जणू पहिल्यांदाच ऐकतोय. कदाचित पहिल्यांदाच सांगितलं असेल मी. एरवी मी बांधूनच द्यायची.

"तुझे झाले?"

सांगितले. फाइलीवर बोटानं तो एकेक चौकोन काढत गेला. मोरी. पणती. जास्वंद. ढब्बू. बिननावाचा गेंडा. मग म्हणाला, "पण समोर वेलीवाले मॉन्स्टर आले तर? मोरी लगेच जाते. गेंडापण."

खरंच की. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. समोर बसून खेळणाऱ्याला जे दिसतं ते त्याला नेहमी आधी दिसायचं. म्हटलं, मग ढब्बूला पुढे आणायचा. तो म्हणाला, तेवढ्यानं नाही भागणार. मी म्हटलं, भागेल, तू त्याचा वेग बघितला नाहीस. तो म्हणाला, वेग बघितला, त्याचा जीव बघितला नाही मी, किती आहे? केव्हा मधली जागा गेली कळलं नाही. त्याची फाइल अर्धी माझ्या मांडीवर. समोरचं जोडपं फोनमधून मान वर करून आमच्याकडे बघत होतं.

"बरं, मग सहावा कोण?" त्यानं रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. आमची दोघांची नावं, एकाच आडनावाची.

आत फार वेळ लागला नाही. जजसाहेबांनी विचारलं, राजीखुशीनं? तो हो म्हणाला, मी हो म्हणाले. कोणाचं दडपण नाही ना? नाही. सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

बाहेर त्याचे वकील त्याला घेऊन एका बाजूला गेले, वकीलबाई मला दुसऱ्या बाजूला काहीतरी समजावत होत्या. जिन्यापाशी पोचल्यावर ओंकार वळला आणि त्यानं हात वर केला, पाचही बोटं उघडी. निरोप घेत होता, की पाच झाले, एक राहिला असं म्हणत होता, ते इतक्या लांबून समजलं नाही.

मीही तसाच हात वर केला.